दोन-दहाची बांगडी

आजच्या समारंभाचे आणि आपल्या संस्थेचेही अध्यक्ष माननीय नामदेवराव, व्यासपीठावर बसलेल्या आपल्या मुख्याध्यापिका आदरणीय कुसुमताई, संस्थेचे सर्व पदाधिकारी, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आमचे प्रतापराव सर, पहिल्या रांगेत पदर सावरून बसलेल्या सरांच्या सौभाग्यवती तारामतीताई, सिकंदराबादेहून बस बदलत बदलत आलेले माजी विद्यार्थी, पालक, शिक्षक बंधुभगिनी आणि, शेवटी घेते पण विसरत नाही, आठवीतल्या माझ्या सात लेकरांनो,

तुम्हां सगळ्यांना भाग्यलक्ष्मीचा नमस्कार. मी या शाळेत इतिहास आणि मराठी शिकवते, हे नव्या पालकांसाठी सांगते. कुणी नवे पालक आहेत का? नाहीत. बरं. तोंडाला सवय आहे म्हणून विचारलं.

मला सांगण्यात आलंय की सरांच्या गौरवाचे चार शब्द बोला आणि लांबवू नका. एक तर बगाऱ्या वांग्याचं पातेलं खाली उतरवून ठेवलंय. दुसरं म्हणजे बाहेर व्हरांड्यात विजेचं काम करणारी माणसं तारांची भेंडोळी घेऊन बसली आहेत. आपण उठलो की ती आत येणार. सोमवारपासून या हॉलमध्ये कॉम्प्युटरचा क्लास. पण इतिहासाची बाई कधी वेळेत थांबली आहे का? तास संपल्याची घंटा होते तेव्हा आमचं आत्ता कुठे अठराशे सत्तावन्न आलेलं असतं.

तर, प्रतापराव सर. गणित आणि विज्ञान. या माणसाबरोबर मी बावीस वर्षं एका टेबलावर डबा खाल्ला आणि या माणसाने मला एकाही प्रश्नाचं सरळ उत्तर दिलं नाही. हसू नका, खरं सांगते. "सर, पाऊस येईल का हो?" "तुम्हाला काय वाटतं, बाई?" "सर, हे लोणचं जास्त खारट झालंय का?" "तुम्हाला काय वाटतं?" तारामतीताई, तुम्ही कसा संसार केलात हो? ताई मान हलवतायत. त्यांनाही विचारलं असणार, तुम्हाला काय वाटतं म्हणून.

पण या खोडीतूनच आपल्या शाळेतले ते प्रकल्प निघाले. आजकाल प्रोजेक्ट म्हणतात, थर्मोकोल आणायचा, कातरायचा, वडिलांनी रात्री रंगवायचा. तसलं नव्हे. सरांचा नियम एकच. वर्षाला आठवीच्या वर्गाला एक प्रश्न, आणि त्याचं उत्तर शोधायला सगळे विषय कामाला लावायचे. प्रश्न हाताने सोडवायचा. पुस्तकात उत्तर सापडलं तर तो प्रश्नच नव्हे. एका वर्षी मुलांना घेऊन ते सुलतान बाजारातून पार आबिड्सपर्यंत चालले. कशासाठी? दुकानांच्या पाट्या वाचायला. कुठली पाटी कुठल्या लिपीत, जुनी किती, नवी किती. मग त्याचा आलेख. मी म्हटलं, सर, पाट्या माझ्या, आलेख तुमचा. इंग्रजीची रेघ वर वर चालली होती आणि मराठीची खाली. एका मुलाने विचारलं, "सर, ही रेघ कागदाच्या बाहेर कधी जाणार?" सर म्हणाले, "तुला काय वाटतं?" तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो.

आता बांगड्यांचं सांगते. इथल्या बऱ्याच जणांना ते ठाऊक आहे, पण प्रत्येकाला अर्धंच. आणि खरं सांगू का, नामदेवराव, ते सांगितल्याशिवाय माझ्याच्याने सरांचा गौरव होणार नाही. मला सरांचा अजून राग आहे. निरोपाच्या दिवशी असं बोलू नये, कळतं मला. पण आहे तर आहे.

दिवाळीनंतर संस्थेची सभा झाली. आठवीत तेव्हा बावीस मुलं होती. नामदेवरावांनी हिशेब स्वच्छ मांडला. ते कापडाचे व्यापारी, मीटरला मीटर बोलतात. म्हणाले, "बाई, नववीला पंधरा तरी पोरं राहिली तर मराठीचे वरचे वर्ग चालवू. नाही राहिली तर जूनपासून बंद. लोक इंग्रजीकडे पळायलेत, मी कुणाकुणाच्या दारात उभा राहू?" खोटं नव्हतं. घरोघर टीव्हीवर रोज नवं चॅनेल येत होतं, कॉम्प्युटर शिकलेलं पोरगं बघता बघता परदेशी जात होतं. शेजारच्या घरातला मुलगा विमानात बसला की आपल्या घरातली आई बेचैन होते. तिला कसा दोष द्यायचा? नामदेवराव म्हणाले, "पालकांना काहीतरी करून दाखवा. डोळे दिपले पाहिजेत."

ठरलं की संक्रांतीचं हळदीकुंकू शाळेतच, या हॉलमध्ये करायचं. पालकांना बोलवायचं आणि आठवीचा प्रकल्प दाखवायचा. त्या वर्षीचा प्रश्न होता, बांगडी कशी होते? वर्गातल्या मुलांनी लाखेच्या बांगड्या स्वतः करायच्या आणि हळदीकुंकवाला आलेल्या आयांच्या हातात भरायच्या. आहा, काय कल्पना होती! लाख कुठून येते, ती तापली की मऊ का होते, हे विज्ञान. गोलाच्या व्यासावरून लाखेची कांडी किती लांब लाटायची, हे गणित. चारमिनारपाशी हा धंदा कधीपासून आणि कासाराला आपल्याकडे एवढा मान का, ते माझ्याकडे. बांगड्या भरून झाल्या की बाई कासाराला वाकून नमस्कार करते, मग तिचं वय काही असो. मुलांना ते फार आवडलं. मुलगे तर म्हणायला लागले, आम्हीच भरणार.

मुलं घरोघर गेली. "काकू, तुमचं माप काय?" कुणी सांगितलं दोन-चार, कुणी दोन-सहा, कुणी दोन-आठ. आमच्या कुसुमताई, रागावू नका हं ताई, दोन-दहा. मुलांनी सगळं नीट टिपून आणलं. सुतारकाकांकडून लाकडी गोल करून घेतले. शेगडी पेटली, विज्ञानाच्या खोलीत आठवडाभर लाखेचा वास. बोटं भाजली, तूप लावलं, परत भाजली. त्या आठवड्यात मी या शाळेत जितकं हसले तितकं आधी कधी हसले नसेन. एकदा आमच्या शर्वरीने विचारलं, "सर, दोन-दहाचा गोल दोन-चारपेक्षा लहान कसा आला?" शर्वरी, उभी राहा बाळ, लोकांना दिसू दे. हीच ती. बस. तर सर काय म्हणाले असतील? सांगा. हौ! तेच म्हणाले. शर्वरीला वाटलं, बांगडीवाल्यांची तशीच काहीतरी रीत असेल. ती पुन्हा लाख लाटायला बसली.

हळदीकुंकवाचा दिवस उजाडला. हॉल भरला होता. तिळगूळ, वाण, अत्तर, काळ्या साड्या. मुलांनी पाट मांडले, बायकांना बसवलं, हात हातात घेतले. आमच्या आठवीतल्या मीनाची आई बसली, तिचं माप दोन-चार. बांगडी चढवली आणि ती सरळ कोपराशी जाऊन थांबली. आई हात खाली करते तर बांगडी जमिनीवर, आणि वाढली, तुकडे तुकडे. लाखेचीच ती. दुसरी बसली, तिचीही सैल. तिसरी तशीच. तोवर लोक हसत होते. मग कुसुमताई बसल्या. मुख्याध्यापिका! त्यांची बांगडी बोटांच्या पेरांपुढे सरकेना. साबण लावला, तेल लावलं, दोन मुलं एका बाजूने, एक दुसऱ्या बाजूने. ताई म्हणाल्या, "अरे, हात माझाच आहे रे!" सगळा हॉल खो खो हसला. मुलांची तोंडं मात्र उतरली. काही पोरी रडायला लागल्या.

आणि मग ते झालं. हे मी जिवंत असेपर्यंत विसरणार नाही.

शर्वरी उठली. कुसुमताईंच्या हातातली जुनी, बाजारातली बांगडी तिने मागून घेतली. सरांच्या टेबलावरून ती जुनी लाकडी फूटपट्टी उचलली, इंचाची. बांगडी आडवी ठेवून मोजली. दोन इंच, आणि वर बारीक रेघा. एक, दोन, तीन, अशी मोठ्याने मोजत गेली. दहा. मग एका इंचात एकूण रेघा किती, त्या मोजल्या. सोळा. ती फळ्यापाशी आली, आत्ता माझ्या पाठीमागे या बॅनरखाली झाकलाय ना, याच फळ्यापाशी. लिहिलं, दोन पूर्णांक दहा छेद सोळा. आणि खाली लिहिलं, आम्ही केलेलं दोन पूर्णांक एक दशांश. सगळी मुलं किंचाळली. त्यांनी दोन-दहाला दोन दशांशचिन्ह दहा धरलं होतं! कॅल्क्युलेटरच्या युगातली लेकरं, त्यांना दुसरं काय सुचणार? म्हणून लहान हातांना मोठ्या बांगड्या झाल्या आणि मोठ्या हाताला सगळ्यात लहान.

शर्वरी माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, पण सोळाच का?" आणि मी, बांगड्या भरायला बसले होते ती पाटावरून उठून ओरडले, "आणे! अगं, आणे! रुपयाचे सोळा आणे!" बाईच्या जन्माला येऊन आयुष्यभर दोन-सहा दोन-सहा म्हणत आले आणि माझ्या मनगटावर आणे आहेत हे मला त्या क्षणाला कळलं. चलनातून आणे जाऊन किती काळ लोटला, या शहरातलं निजामाचं नाणं, तो हाली रुपया गेला, खुद्द निजाम गेले, आणि बायकांच्या हातावर सोळा आणे तसेच राहिले. मागून एक म्हाताऱ्या आजी बोलल्या, "सोळा आणे खरं आहे, पोरी!" वर्गातली मुलं फळ्याभोवती गोळा झाली, एकमेकांच्या हातातून खडू ओढायला लागली. अर्धा इंच म्हणजे आठ आणे. पाव इंच म्हणजे चार आणे. एक जण तर सांगायला लागला की आता सगळे गोल पुन्हा कसे करायचे. गणित, विज्ञान, इतिहास, कुठला तास चाललाय ते कुणाला सांगता आलं नसतं. सर कोपऱ्यात हाताची घडी घालून उभे होते. त्यांचे डोळे भरले होते. माझेही.

मी डोळे पुसले आणि मागे वळून पाहिलं. खुर्च्या रिकाम्या होत होत्या.

बायका चपला शोधत होत्या. एक आई, आमच्या बाजारातली, मला हाताला धरून बाजूला घेऊन म्हणाली, "बाई, वाईट मानू नका. आठवीतल्या पोट्टीला बांगडीचं माप येईना. हे गणित घेऊन ती कुठं जाईल?" मी म्हटलं, अहो, तिला माप आलं, आत्ता आलं, तुमच्या डोळ्यांदेखत आलं, फळ्याकडे बघा तरी! ती म्हणाली, "हौ, पण बांगडी तर बसली नाही ना?" बांगडी बसली नव्हतीच.

पुढच्या आठवड्यात दाखले मागायला रांग लागली. बाविसातले पंधरा गेले. उरले सात.

रांग ओसरली त्या संध्याकाळी शिक्षकांच्या खोलीत मी सरांना विचारलं. या एका वेळी मी त्यांना उलटा प्रश्न विचारू दिला नाही. "सर, तुम्हाला माहीत होतं?" तुमच्या लहानपणी आणे होते, तुम्ही आण्यांत शेंगदाणे घेतलेले. "होतं," सर म्हणाले. "कधीपासून?" "गोल आले तेव्हापासून." मी म्हटलं, अहो, मग सांगायचं नाही? एक शब्द! एका शब्दाने आपले वर्ग वाचले असते! सर म्हणाले, "बाई, मला वाटलं होतं, हळदीकुंकवाच्या आधी एखादं पोर आपल्या आईच्या हातात घालून बघेल. मी रोज वाट बघत होतो. कुणी बघितलं नाही. आदल्या दिवशी सांगायला वर्गात गेलो होतो. दारातून परत आलो." का परत आलात, मी विचारलं. म्हणाले, "तोंड उघडेना. एवढी वर्षं कधी उत्तर सांगितलंच नाही हो. कसं सांगतात तेच कळेना."

मंडळी, याच्यावर मी चिडू, का रडू? मी दोन्ही केलं.

नंतर मी खूप विचार केला. सरांनी सांगितलं असतं, बांगड्या बरोबर बसल्या असत्या, बायका वाहवा करून गेल्या असत्या, तर पंधरा मुलं राहिली असती का? मला शपथेवर सांगता येणार नाही. काही जणांचे दुसरीकडचे प्रवेश आधीच ठरले होते, हे मला मागाहून कळलं. बांगड्या बसल्या असत्या तरी संक्रांत झाल्यावर पोरं गेलीच असती, थोडी उशिरा, थोडी गोड बोलून. नामदेवराव, तुम्हालाही मी दोष देत नाही. तुम्ही सभेत डोळे पुसलेत ते मी पाहिलंय, आणि तुमचा नातू कुठल्या शाळेत जातो तेही मला माहीत आहे. माझी लेक सुजाता माझ्याच वर्गात शिकली, आज तिच्या लेकाला मराठी वाचता येत नाही. मी त्याला काय शिकवते? "आजी, टेल मी इन इंग्लिश," म्हणतो, आणि मी सांगते. मग सांगा, रुसायचं तरी कुणावर? कुणी वाईट नाही, सगळे एकमेकांचे मुलगे आणि लेकी, आणि तरी ही खोली सोमवारी आपली नाही.

निवृत्तीला दोन वर्षं होती तरी सर अर्ज देऊन मोकळे झाले. म्हणाले, वर्ग नाही तर मी कशाला? म्हणून हा समारंभ. कार्डावर "प्रदीर्घ सेवेनंतर" छापलंय. ते बरोबरच आहे.

संस्थेतर्फे नामदेवराव आता शाल, श्रीफळ देतीलच. पण त्याआधी आठवीच्या मुलांकडून सरांना एक भेट आहे. अध्यक्षांची परवानगी गृहीत धरते. जूनपासून ही सात मुलं सात दिशांना जातील, म्हणून हा त्यांचा शेवटचा प्रकल्प समजा. सर, तुम्हाला सांगितलं नव्हतं. मुलं गेल्या आठवड्यात सहज म्हणून तुमच्या घरी येऊन गेली, आणि तारामतीताईंना त्यांनी पाणी पिता पिता विचारलं, "काकू, तुमचं माप काय?" ताई भोळेपणाने म्हणाल्या, दोन-सहा.

ताई, या वर. या, लाजू नका. इथे खुर्चीवर बसा. शर्वरी, ये. बाकीचे पण या, गोंधळ करू नका. सर, तुम्ही मान का खाली घातलीत? बघा इकडे. ताई, हात सैल सोडा. अंगठा आत दुमडा. हं. शर्वरी, हळू गं, घाबरू नकोस.

गेली. पेरांवरून गेली. बसली! मंडळी, बसली! ना सैल, ना घट्ट. दुसऱ्या हाताची, मीना, तू भर. तीही बसली. सोळा आणे बसली!

टाळ्या नंतर वाजवा. थांबा, ताई उठतायत. अहो ताई, काय करताय? ... बरोबर. बरोबर आहे. कासाराला नमस्कार करायचाच असतो. शर्वरी, मागे सरू नकोस. रीत आहे ती. काकू वाकल्या तर वाकू दे. घे नमस्कार, बाळ. रडू नकोस, घे.

सर, तुम्ही विचारण्याआधीच सांगते. मला काय वाटतं? मला वाटतं, माप बरोबर आलं. त्याने काही बदलणार नाही हेही मला माहीत आहे, पण आलं.

आता मी बसते. ज्यांनी हा कार्यक्रम घडवून आणला, ज्यांनी पताका लावल्या, ज्यांनी पहाटेपासून चुलीपाशी उभं राहून वांगी केली, त्या सगळ्यांचे मी शाळेतर्फे आभार मानते. नामदेवराव, कुसुमताई, भावनेच्या भरात माझ्याकडून काही कमी-जास्त बोललं गेलं असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर हातून सुटलेली बांगडी समजून सोडून द्या. सर, तुम्हाला निरोगी आयुष्य लाभो, आणि घरी तरी ताईंना भाजी कशी झाली ते एकदा सरळ सांगा.

आणि बाहेर व्हरांड्यात तारा घेऊन बसलेल्या भावांनो, ऐकू येतंय ना? या आत. आधी आमच्या पंगतीला बसा, पोटभर जेवा. फळा मग काढा.